चुलीचं धुराडं साफ करताना : आधी खाली, मग वर, मग पुन्हा खाली

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात नवी मुंबईतल्या घणसोली, गोठिवली, करावे, दिवाळे अशा कुठल्याही गावठाणात एक प्रकार हमखास दिसतो. घरातला एखादा पोरगा पत्र्यावर चढतो, धुराड्याची टोपी काढतो, लांब बांबू आत घालून चार वेळा खालीवर करतो, टोपी परत बसवतो आणि उतरतो. धुराडं साफ झालं, असं सगळे धरून चालतात. दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांसाठी चूल पेटवली की धूर वर जायच्या ऐवजी वैलातून, म्हणजे चुलीला जोडून असलेल्या दुसऱ्या तोंडातून, घरभर पसरतो. मग कोणी लाकडांना दोष देतं, कोणी वाऱ्याला.

खरं कारण बहुतेक वेळा चुलीच्या मागे, दोन हातांवर असतं. वरून पाडलेली सगळी काजळी पाइपाच्या खालच्या बेंडात, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, जाऊन बसलेली असते. काजळी पाडणं हे निम्मंच काम. ती घराबाहेर गेली आणि धुराड्याने पुन्हा ओढ धरली, म्हणजे ते धूर वर खेचू लागलं, तेव्हा सफाई पुरी झाली.

इथे सांगितलेला क्रम चुलीच्या चार इंची पाइपासाठी आहे, कारण ठाणे-नवी मुंबईच्या गावठाणांत तोच जास्त दिसतो. ठाण्याच्या येऊरसारख्या ठिकाणी बंगल्यात विटांची फायरप्लेस असेल तर क्रम तोच राहतो. फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे. गॅसवर लावायची विजेची चिमणी हा वेगळा विषय आहे, तिची पद्धत इथे लावू नका.

## साफ कधी करायचं

गणपतीच्या आधी नव्हे, मे महिन्याच्या शेवटी. ही पहिली चूक बहुतेक घरांत होते. पाइपात काजळी ठेवून पावसाळा काढला की दमट हवा आणि टोपीवरून आत येणारं पाणी तिच्यात मुरतं. त्यातून आम्लयुक्त काळा पाझर तयार होतो आणि तो पत्रा आतून खातो. खाडीची खारी हवा बाहेरून खात असतेच. सप्टेंबरात टोपी काढायला जावं तर टोपीबरोबर पाइपाचा वरचा वीतभर भागही हातात येतो. मेमध्ये सफाई, आणि गणपतीच्या आधी फक्त तपासणी, असा क्रम ठेवा. पाणी तापवायला रोज चूल पेटत असेल तर दर दोन महिन्यांनी आत बघायलाच हवं.

बघायचं काय? पाइपाच्या वरच्या तोंडाशी खिळ्याने आतला थर खरवडा आणि त्याची जाडी पाहा. ३ मिलिमीटर, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढा थर झाला, तर सफाईची वेळ झाली. ६ मिलिमीटर झाला असेल तर साफ होईपर्यंत चूल पेटवू नका.

थर कसला आहे यावर पुढचं ठरतं. भुसभुशीत काळी काजळी असेल तर साध्या ब्रशने निघते. कडक पापुद्रे असतील तर पत्र्याच्या पाइपाला तारेचा ब्रश लागतो. पण आत डांबरासारखा चकचकीत, गुळगुळीत थर दिसला तर ब्रश त्यावरून नुसता घसरतो. तिथे जोर लावू नका. चुलीचा पाइप असेल तर तेवढा तुकडा बदलणं सोपं आणि स्वस्त पडतं. विटांचं धुराडं असेल तर जाणकार माणूस बोलवा.

सावधान : हा थर रॉकेल टाकून किंवा मोठा जाळ करून ‘जाळून टाकायचा’ प्रयत्न कधीही करू नका. तो थर म्हणजे धुरातून थिजलेलं जळण आहे. पाइपात एकदा पेटलं की तापमान हजार अंशांपर्यंत जाऊ शकतं. जवळचा वासा, प्लॅस्टिकचं छत, शेजारचा कापडी आडोसा काहीही पेट घेऊ शकतं. चुलीत मीठ किंवा बटाट्याच्या साली टाकून पाइप साफ होतो या समजुतीवर विसंबू नका. ब्रशला पर्याय नाही.

## तयारी

आदल्या दिवशी चूल पेटवू नका. पूर्ण २४ तास जाऊ द्या. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा जिवंत असतो आणि वरून काजळी पडली की तो फुलतो.

लागणाऱ्या वस्तू:

- पाइपाच्या आतल्या मापाचा गोल ब्रश. आधी पाइपाचं आतलं माप घ्या, मग हार्डवेअरच्या दुकानात जा.
- ब्रशला जोडायचे प्लॅस्टिकचे लवचिक दांडे किंवा सुका बांबू.
- जुनी गोणपाटं दोन-तीन, जाड प्लॅस्टिक पिशवी, सुतळी.
- झाकणाचा पत्र्याचा डबा आणि घमेलं.
- एन-९५ मास्क, बंद चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे.
- टॉर्च आणि हातात मावेल असा आरसा.

गोल ब्रश मिळाला नाही तर नारळाची सोडणं, म्हणजे वरची तंतूंची सालं, सुंभाने (काथ्याच्या दोरीने) घट्ट आवळून पाइपात जेमतेम जाईल असा गोळा बांधा. त्याच्या वर एक दोरी, खाली दुसरी दोरी, आणि दोन माणसांनी दोन टोकांनी ओढायचं. साधी काजळी यानेही छान निघते. गोळ्याखाली दगड किंवा लोखंडी वजन मात्र लटकवू नका. पातळ पत्र्याला पोचे पडतात आणि सिमेंटचा पाइप तडकतो.

सिमेंटचा जुना पाइप असेल तर थांबा. गावठाणातल्या जुन्या घरांत धुराड्याला राखाडी सिमेंटचा पाइप असतो. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. हे तंतू छातीत गेले की परत निघत नाहीत आणि त्यांचे आजार कित्येक वर्षांनी वर येतात. अशा पाइपाला तारेचा ब्रश लावू नका, तो कापू नका, भोक पाडू नका, ठोकू नका. सोडणाचा गोळा किंवा मऊ ब्रश वापरा आणि घासण्याआधी आत पाण्याचा हलका फवारा मारा. पाइपाच्या कडा सुटलेल्या, भुगा पडणाऱ्या दिसल्या तर सफाईच्या भानगडीत पडू नका. पाइप ओला करून, अखंड उतरवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि त्या जागी स्टेनलेस स्टीलचा पाइप बसवा.

आता छपराविषयी, कारण खरी दुखापत तिथेच होते. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवला की पत्रा न सांगता फुटतो. पत्र्यावर बोल्टची रांग दिसते, तिच्याखाली आधार असतो. दोन रांगांवर टेकेल अशी जाड फळी टाका आणि फळीवरूनच चाला. पावसाने शेवाळ धरलं असेल तर चढूच नका. चढण्याआधी वर मान करून विजेच्या तारा पाहा. गावठाणात खांबावरून घरात येणारी तार कित्येकदा धुराड्यापासून हातभर अंतरावर असते. अशा ठिकाणी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा घेऊन वर जाणं म्हणजे जिवाशी गाठ. दांडा उभा धरल्यावर तारेपर्यंत पोचेल असं वाटलं तरी वरून काम करू नका. खालून लवचिक दांडे जोडत ब्रश वर सरकवा.

तपासा : खाली एक मोठं माणूस थांबलं आहे का? लहान मुलं आणि दम्याचं माणूस घराबाहेर आहे का? हे काम एकट्याने करायचं नाही.

## टप्पा १ : आधी खाली मोकळं करा

चुलीतली राख काढून पत्र्याच्या डब्यात भरा. मग पाइपाच्या खालच्या बेंडाचं झाकण उघडा. झाकणच नसेल, बेंड मातीने लिंपून बंद केला असेल, तर लिंपण फोडा आणि पुढे तिथे झाकण बसवून घ्या. झाकण नसलेलं धुराडं नीट साफ होतच नाही.

बेंडात हात घातला की आधी मऊ काजळी लागते. तिच्याखाली पावसाच्या पाण्याने घट्ट झालेली वडी असते, आणि ती मोडली की आतून कबुतराच्या घरट्याच्या काड्या, सुतळी, कधी बारीक तारेचे तुकडे निघतात. हे सगळं घमेल्यात काढा. हे आधी काढायचं कारण साधं आहे: बेंड भरलेला असताना वरून ढकललेली काजळी त्यावर दाबली जाते आणि गच्च बूच बसतं. मग ते फोडायला पाइपच उतरवावा लागतो.

बेंड रिकामा झाला की त्याच्या तोंडाला जाड पिशवी सुतळीने आवळून बांधा. चुलीचं तोंड आणि वैल यांवर ओलं करून पिळलेलं गोणपाट दाबून बसवा. पंखा बंद, खिडक्या बंद. पाण्याचं पिंप आणि मसाल्याचे डबे झाका किंवा बाहेर न्या.

फायरप्लेस असेल तर आत धुराचा मार्ग उघडायची-बंद करायची झडप असते. ती उघडी ठेवूनच समोरचं तोंड प्लॅस्टिकने सीलबंद करा. झडप बंद राहिली तर सगळी काजळी तिच्यावर साचते.

## टप्पा २ : टोपी आणि जाळी

टोपीला हात लावण्याआधी तिच्याखाली वाकून पाहा. गांधीलमाश्यांचं पोळं तिथे हमखास असतं. पक्ष्याच्या घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत सफाई पुढे ढकला आणि तोवर चूल पेटवू नका.

टोपी खाली आणून घासा. धूर कोंडण्याचं मूळ बऱ्याचदा पाइपात नसतंच, टोपीच्या जाळीत असतं. पाखरं आत येऊ नयेत म्हणून काही जण तिथे मच्छर अडवायची बारीक जाळी लावतात. ती थोड्याच दिवसांत काजळीने बुजते. जाळीची भोकं अर्ध्या इंचाची हवीत. टोपी आणि पाइपाचं तोंड यांच्यामध्ये निदान चार बोटं मोकळी जागा हवी. पाऊस आत येतो म्हणून टोपी खाली दाबून बसवली तर धूर जाणार कुठून?

## टप्पा ३ : वरून खाली ब्रश

ब्रश वरून घाला आणि सरळ खालपर्यंत न्या. अर्ध्यात थांबून उलटा ओढू नका. तारेचा ब्रश पाइपाला घट्ट बसलेला असतो. मधेच दिशा बदलली की तारा उलट्या अडकतात आणि ब्रश तिथेच राहतो. एकदा पूर्ण खाली, मग पूर्ण वर. दांडे एकमेकांना फिरवून जोडलेले असतील तर फिरवताना सांधा आवळेल त्याच दिशेने फिरवा, नाहीतर ब्रश आत सुटतो.

चार-पाच फेऱ्यांत आवाज बदलतो. सुरुवातीला भरल्यासारखी जड खरखर येते, नंतर पत्र्यावर तार घासल्याचा मोकळा आवाज येऊ लागतो. तो आला की थांबा. चकाचक पत्रा दिसेपर्यंत घासायची गरज नाही, त्याने पत्रा झिजतो.

सावधान : ब्रश काढला की लगेच खालची पिशवी सोडू नका. निदान तासभर जाऊ द्या. हवेत तरंगणारी काजळी खाली बसली नसेल तर पिशवी सोडताच ती घरभर होते, भिंतींवर बसते आणि फुफ्फुसात जाते. घाईत सगळ्यात जास्त हाच नियम मोडला जातो.

## टप्पा ४ : पुन्हा खाली, आणि इथेच वेळ द्या

पिशवी हळूच सोडून तोंड बांधा. तिच्यात सगळी काजळी आली असं समजू नका. बेंडाच्या आतल्या वळणावर, आणि वैलापासून पाइपापर्यंत जो आडवा मार्ग आहे त्यात, बरीच काजळी अडून राहते. उभ्या पाइपातली काजळी आपोआप पडते, आडव्या भागातली हाताने काढल्याशिवाय निघत नाही. लाकडी दांड्याने बेंडाला बाहेरून हलके टिचकवा, हातब्रशने आतून ओढा, पुन्हा टिचकवा. वैलाच्या बाजूनेही हात घाला. दोन्हीकडून घातलेले हात मध्ये भेटले की मार्ग मोकळा झाला समजा. चूल लांब असेल आणि हात पोचत नसतील तर वाकवलेल्या बांबूच्या कांबीला फडकं बांधून तो भाग पुसून घ्या.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर इथे वापरू नका. बारीक काजळी त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन मागून खोलीत फेकली जाते, आणि एखादा निखारा ओढला गेला तर यंत्रच पेटतं.

फायरप्लेसमध्ये झडपेच्या मागे एक आडवा कट्टा असतो. तो समोरून दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहून जातो. झडपेतून हात घालून तो रिकामा करा.

तपासा : टोपी अजून काढलेलीच असताना बेंडाच्या तोंडाशी आरसा तिरका धरा. आकाशाचा पूर्ण गोल दिसला पाहिजे. गोलाची एखादी कड खाल्लेली दिसली तर तिथे थर, घरटं किंवा पोचा आहे. आरसा जमत नसेल तर मोबाइल आत धरून वरच्या दिशेने व्हिडिओ काढा.

## टप्पा ५ : सांधे आणि पाइपाची अवस्था

संध्याकाळी अंधार पडल्यावर बेंडात टॉर्च लावून ठेवा आणि पाइपाभोवती बाहेरून फिरा. जिथून उजेड झिरपेल तिथून धूरही झिरपणार. चुलीजवळच्या फटी चिकणमाती, शेण आणि भुसा मळून बुजवा. पत्र्याच्या सांध्यांना उष्णता सहन करणारं फायर सिमेंट लावा. सिलिकॉन, दोन भाग मळून लावायची पुट्टी किंवा चिकटपट्टी चालणार नाही. ती तापून सुटते आणि तिचाच विषारी धूर होतो.

पाइपांच्या जोडणीत एक चूक फार जुनी आहे. वरचा पाइप खालच्या पाइपाच्या आत गेला पाहिजे. आपल्याकडे छपराच्या पन्हळीचा विचार करून नेमकं उलटं बसवतात, म्हणजे बाहेरचं पाणी सांध्यात शिरू नये. पण मग आतून ओघळणारा काळा पाझर प्रत्येक सांध्यातून बाहेर येतो आणि भिंतीवर तपकिरी ओघळ दिसतात. बाहेरच्या पावसासाठी छपराशी पत्र्याची कॉलर लावायची असते, सांधा उलटा करायचा नसतो.

अंगठ्याने पाइप जागोजागी दाबून पाहा. जिथे दबतो, तिथला तुकडा बदला. चुलीच्या लगेच वरचा पहिला तुकडा सर्वात जास्त तापतो. तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, स्टेनलेस स्टील घ्या.

आणि पाइपापासून दीड फुटात लाकडी वासा, प्लायवूड किंवा पीव्हीसीचं छत आहे का, तेही आत्ताच पाहा. हल्ली घर सुशोभित करताना पीव्हीसी पट्ट्या थेट पाइपाला टेकवलेल्या असतात. असं असेल तर तेवढ्या पट्ट्या काढेपर्यंत चूल पेटवू नका.

## टप्पा ६ : ओढ तपासा, मगच भाकऱ्या

टोपी बसवा, बेंडाचं झाकण लावा, खिडकी उघडा. चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पुढे जा. तो जागीच घुटमळला तर वर्तमानपत्राचा एक कागद पेटवून पाइपाच्या खालच्या तोंडाशी धरा. गार पाइप थोडा तापला की ओढ सुरू होते. मग बारीक सुक्या काटक्यांचा लहान जाळ दहा मिनिटं ठेवा आणि प्रत्येक सांध्याजवळ नजर टाका. बाहेर जाऊन टोपीकडेही बघा: सुरुवातीचा धूर ओसरला की पुढचा पातळ दिसायला हवा.

सगळं साफ असूनही धूर परत येत असेल तर कारण पाइपाबाहेर शोधा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो धुराड्यातूनच हवा खाली खेचतो. चूल पेटती असताना तो बंद ठेवा. पाइपाची उंची पाहा. छपरातून बाहेर पडतो तिथून निदान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही आहे त्याहून दोन फूट उंच, एवढं पाइपाचं तोंड असायला हवं. गावठाणात अडचण अशी की शेजारी चार मजली इमारत उभी राहिली की हा हिशेब जमतच नाही. इमारतीच्या भिंतीवर आपटलेला वारा खाली वळतो आणि धूर परत पाइपात घालतो, शिवाय तोच धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो. तिथे कितीही घासलं तरी उपयोग नाही. घरातली चूल बंद करून उघड्या अंगणात मांडणं, हाच खरा उपाय.

सावधान : चूल पेटल्यावर घरातल्या दोघातिघांना एकदमच डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं होऊ लागलं तर ते धुराचं नुसतं लागणं समजू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्या आणि दवाखाना गाठा.

## राख आणि काजळी कुठे टाकायची

दोन्ही वेगळ्या ठेवा. लाकडाची स्वच्छ राख भांड्यांना, झाडांना चालते. काजळी चालत नाही. तिच्यात कर्करोगाला कारण होणारे घटक असतात. राख पत्र्याच्या डब्यात झाकण लावून घराबाहेर फरशीवर तीन-चार दिवस ठेवा, मगच वापरा. गरम राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकल्याने आग लागते. गार झालेली काजळी दुहेरी पिशवीत बांधून घंटागाडीवर द्या आणि आत काय आहे ते सफाई कामगाराला सांगा. पिशवी फुटली तर काजळी त्याच्याच अंगावर उडते.

काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा आणि कपडे वेगळे धुवा.

## काजळी कमी व्हावी म्हणून लाकूड

ओल्या लाकडातली उष्णता पाणी उडवण्यातच जाते, धूर गार राहतो आणि पाइपात थिजतो. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. जळणाला ते २० टक्क्यांच्या आत हवं. त्यासाठी फोडून, रचून, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून सहा महिने ते वर्षभर वाळवावं लागतं. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड पावसाळ्यात आतून कुजतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहा: टणटणीत आवाज आला तर सुकं, बद्द आवाज आला तर ओलं. टोकांना भेगा पडलेल्या दिसल्या तर चांगलं.

इमारतींच्या कामावरून फुकट मिळणारे सनमायका लावलेले तुकडे, प्लायवूड, रंगवलेल्या दरवाज्यांच्या चौकटी चुलीत घालू नका. त्यांच्या धुरात विषारी वायू असतात आणि तो धूर भाकरीलाही लागतो. खाडीकाठची कांदळवनं तोडायला कायद्याने बंदी आहे, तिथलं लाकूड आणू नका.

## पाइपात आग लागलीच तर

रेल्वे गेल्यासारखा घरघराट, टोपीतून ठिणग्या, पाइप लालसर होणं, ही खूण. सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. जाता जाता जमलं तर चुलीचं तोंड पत्र्याने झाका, म्हणजे हवा तुटेल. पाइपात पाणी ओतू नका. तापलेला पाइप तडकतो आणि वाफ अंगावर येते. आग विझली तरी पूर्ण पाइप उतरवून, प्रत्येक तुकडा बघून बदलेपर्यंत ती चूल पुन्हा पेटवायची नाही.